पदकाच्या कडेवरचे नाव

आम्ही काही मराठीचे अध्यापक. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांतून शिकवतो. इतिहास हा आमचा विषय नव्हे, आणि लष्कर तर नव्हेच नव्हे. तरीही गेले काही महिने आम्ही शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या शोधात होतो. त्या शोधात आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. ती चूक इतिहासाच्या अज्ञानामुळे होणार नव्हती, भाषेकडे झालेल्या दुर्लक्षामुळे होणार होती. म्हणून ती सांगण्याचे ठिकाण हेच, असे आम्हांला वाटते.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक विद्यार्थिनी एक दिवस रुमालात बांधून एक पदक घेऊन आली. एका बाजूला पंचम जॉर्जचे मस्तक. दुसऱ्या बाजूला नग्न घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी, कडेला १९१४ आणि १९१८ ही दोन वर्षे. पदक तांबूस होते. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव, त्यामुळे येथे धातू पाहताच ओळखणारी माणसे घरोघरी आहेत. "खरे चांदीचे असणार, कोणीतरी मधल्या मध्ये बदलले," असा त्या घरात दोन पिढ्यांचा संशय. ते पदक दर दिवाळीला चिंच आणि राख लावून घासले जाई. या प्रेमापोटीच कडेवर ठोकलेली अक्षरे झिजून गेली होती. क्रमांक पुरता पुसला होता, पलटणीच्या नावाची दोन-तीन इंग्रजी अक्षरे राहिली होती, आणि माणसाचे नाव कसेबसे लागत होते. घरातली आठवण एवढीच : पणजोबा लढाईत गेले.

या विद्यार्थिनीला आणि तिच्या घरच्यांना एकच हवे होते. पणजोबांची कुठेतरी नोंद असेल तर ती दाखवा. गावच्या शाळेसमोर त्यांच्या नावाचा दगड बसवायचा आहे.

आम्ही उत्साहाने कामाला लागलो. आमच्या विद्यार्थिदशेत असला शोध घ्यायचा तर दिल्ली किंवा लंडन गाठावे लागले असते. आज भंडाऱ्यात बसून बरेच काही दिसते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची स्थापना १९१७ साली झाली. दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची त्याची सूची १९९८ पासून आंतरजालावर आहे. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धदैनंदिन्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा आता पडद्यावर वाचता येतात. ब्रिटिश ग्रंथालयात इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' २०१५ पासून उपलब्ध आहे. जुनी गॅझेटियरे आणि पलटणींचे छापील इतिहास 'इंटरनेट आर्काइव्ह'वर सापडतात. शौर्यपदकांच्या घोषणा 'लंडन गॅझेट'च्या अंकांत मिळतात. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांसाठी दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. त्याचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तेथे कोरलेली २५ हजारांहून अधिक नावे संकेतस्थळावरही शोधता येतात.

आयोगाच्या सूचीत आम्ही पदकावरचे नाव घातले. पहिल्या दिवशी काही मिळाले नाही. इंग्रजी अक्षरे बदलून पाहिली. चौथ्या प्रयत्नात तेच नाव आणि 'भंडारा' हा शब्द असलेली एक नोंद पुढे आली : मेसोपोटेमियात, युद्धकाळातच मृत्यू, उल्लेख बसऱ्याच्या स्मारकावर. आम्ही विद्यार्थिनीला बोलावले. तिने पडद्यावरचे ते अक्षर बोटाने दाखवत मोठ्याने वाचले आणि घरी दूरध्वनी केला. त्या दिवशी खोलीत जे वातावरण होते त्याचे वर्णन आम्ही करत नाही. दगडावरचा मजकूर आमच्यापैकीच एकाने लिहून दिला. त्यात 'वीरमरण' हा शब्द होता.

पुढच्या आठवड्यात ती एक कागद घेऊन आली. तिच्या चुलतभावाने जात पडताळणीसाठी तहसील कचेरीतून काढलेली कोतवाल पुस्तकाची ती नक्कल होती. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर, गावातील जन्ममृत्यू कोतवालाने कळवावेत आणि त्यांची नोंद व्हावी अशी येथे जुनी रीत. जात सिद्ध करायला पूर्वजांच्या या नोंदी लागत असल्याने त्यांच्या नकला आज अनेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या असतात. या नकलेत तिच्या आजोबांच्या जन्माची नोंद होती. बापाचे नाव तेच, गाव तेच. तारीख मात्र युद्ध संपल्यानंतर बऱ्याच वर्षांची. मेसोपोटेमियात युद्धकाळात मेलेल्या माणसाला त्यानंतर भंडाऱ्याच्या खेड्यात मुलगा होणे शक्य नव्हते.

पणजोबा परत आले होते. त्यांनी शेतीवाडी केली, संसार केला, आणि मुलगा लहान असतानाच तापाने गेले, असे मग आजीच्या माहेरच्या एका वृद्धेकडून कळले. आम्ही ज्याला दगडावर मारायला निघालो होतो तो घरी येऊन मेला होता. आयोगाच्या सूचीतला माणूस दुसराच कोणी होता. त्याचे कोणी असेल तर ते आमच्या या चुकीमुळे त्याला कायमचे मुकले असते.

चूक कुठे झाली? संकेतस्थळावर नव्हे. तेथील नोंद तिच्यापुरती खरीच असणार. चूक झाली ती 'लढाईत गेले' या वाक्यात. मराठीत 'गेले' म्हणजे निघून गेले, आणि 'गेले' म्हणजे वारले. घरातले मूळ वाक्य कदाचित 'लढाईत गेले होते' असे असेल. पिढ्यांच्या ओघात त्यातले 'होते' गळून पडले आणि एका साहाय्यक क्रियापदाबरोबर माणसाचे उरलेले आयुष्यही गळाले. वर्गात भूतकाळाचे प्रकार शिकवणाऱ्या आम्हांला ते ऐकू यायला हवे होते. आले नाही, कारण आमच्या समोर पडदा होता, आणि पडद्यावर जे दिसते ते ऐकलेल्यापेक्षा खरे, अशी आमचीही समजूत झाली आहे.

यातून आम्ही जे शिकलो ते आता थोडे सविस्तर मांडतो.

पहिली गोष्ट, सहज सापडणारी सूची ही मृतांची सूची आहे. समाधी आयोग मेलेल्यांसाठी आहे, आणि तेही विशिष्ट तारखांच्या आत मेलेल्यांसाठी. पहिल्या युद्धासाठी ही मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १४ लाखांहून अधिक माणसे भरती झाली. त्यांपैकी सुमारे ७४ हजार मेली. म्हणजे वीस माणसांतली एकोणीस जिवंत राहिली, आणि शोधयंत्राला ती एकोणीस दिसत नाहीत. साध्या शिपायाचे सेवापुस्तक लंडनला गेलेच नाही. तेथे प्रामुख्याने अधिकाऱ्यांची कागदपत्रे आहेत. शिपायाचा कागद त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयात राहिला. पलटणी मोडल्या, एकत्र झाल्या, १९४७ साली दोन देशांत वाटल्या गेल्या. त्यांच्याबरोबर कागदही वाटले गेले किंवा नष्ट झाले. अशा वेळी नाव शोधणाऱ्याला मिळतो तो मेलेला माणूस, आणि त्याच्या नावाचा जिवंत माणूसही मेलेला ठरण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे गणपत, सीताराम, लक्ष्मण या नावांची माणसे गावोगाव असताना ही शक्यता लहान म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट त्या पदकाच्या धातूची. कोणीही पदक बदलले नव्हते. १९१४ ते १९१८ च्या युद्धाचे हे ब्रिटिश पदक लढणाऱ्यांना चांदीचे मिळे. मजूर तुकड्यांतील चिनी, माल्टी आणि हिंदी माणसांना ते काशाचे दिले गेले. चित्र तेच, राजा तोच, घोडा तोच, धातू मात्र वेगळा. वर सांगितलेल्या १४ लाखांपैकी ५ लाख ६३ हजार माणसे लढाऊ नव्हती. ते हमाल, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी, भिस्ती, झाडूवाले आणि रस्ते व रुळ टाकणारे मजूर होते. लष्करी भाषेत त्यांना 'फॉलोअर' म्हणत, म्हणजे मागून येणारे. बसऱ्याच्या धक्क्यावर उतरवलेल्या प्रत्येक पोत्याखाली यांचीच पाठ होती. दोन पिढ्या त्या घराने जी फसवणूक सोनाराच्या माथी मारली ती सरकारी निर्णयाने झालेली होती, आणि तिची साक्ष खुद्द पदकच देत होते. आम्ही कडेवरची अक्षरे भिंगाखाली धरून बसलो होतो. धातू वाचायचे कोणाच्या मनातही आले नाही.

हीच उतरंड दगडांवरही आहे. बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या ४० हजारांहून अधिकांचे स्मरण आहे. तेथे ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले. हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले गेले. हिंदी शिपायाचा मात्र पलटणीखाली आकडा टाकला गेला, आणि नावे कागदी नोंदवहीत राहिली. फ्रान्समधील न्यू शापेलच्या स्मारकावर साडेचार हजारांहून अधिक हिंदी नावे कोरलेली आहेत. तेव्हा हे शक्य नव्हते असे म्हणता येत नाही. २०२१ साली आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने हा भेद मान्य केला. ४५ ते ५४ हजार माणसांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. त्याखेरीज किमान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने किंवा मुळीच स्मरली गेली नाहीत, असे त्या अहवालात आहे. आपल्याच घरात पाहावे तर महाराष्ट्रातल्या कित्येक खेड्यांत पहिल्या युद्धानंतर बसवलेली संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली आणि 'मिलिटरी' हा शब्द गावाच्या नावालाच जोडला गेला. पाटीवर आकडा असतो, नाव नसते. आकडा सरकारला पुरतो. घराला नाव लागते.

कोणाला लढू द्यायचे हेही सरकार ठरवत होते. 'लढाऊ जमाती'च्या सिद्धांतामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज केले. युद्धाची निकड भासली तेव्हा १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. पुन्हा निकड भासली तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभारली गेली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर होते. ज्या भंडाऱ्यातून त्यांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्या जिल्ह्यातल्या एखाद्या घराचा शोध घेताना हा इतिहास ठाऊक नसेल तर सूचीतील रिकाम्या जागेचा अर्थच लागणार नाही. 'नाव सापडले नाही' याचा अर्थ 'माणूस गेला नाही' असा होत नाही. कधी त्याचा अर्थ 'त्याला येऊ दिले नाही' असा असतो, तर कधी 'आला, पण मोजला नाही' असा.

तिसरी गोष्ट नावांची, आणि ही तर निखळ आमच्या विषयाची आहे. नाव सांगणारा माणूस झाडीपट्टीतला. त्याच्या बोलीत 'ण'चा 'न' होतो, 'श'चा 'स' होतो. लिहून घेणारा कारकून पंजाबी किंवा तमिळ किंवा ठाण्यातला गोरा. तो कानाला पडेल ते रोमन लिपीत उतरवतो. 'अ'साठी कोणी इंग्रजी पहिले अक्षर वापरी, कोणी 'यू'. 'ई'साठी कोणी एक अक्षर, कोणी दोन. आडनाव सांगण्याची रीत नसलेल्या माणसाच्या आडनावाच्या रकान्यात बापाचे नाव जाई, नाहीतर जात. 'पोवार' हे एकच उदाहरण घ्या. भंडारा-गोंदियात हा एक स्वतंत्र समाज आहे, त्याची स्वतःची पोवारी बोली आहे. पण जुन्या इंग्रजी लेखनात देशावरचा 'पवार'ही याच अक्षरांनी लिहिला जाई. यंत्राला हे दोघे एकच. आमच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरची मुलगी मात्र हा फरक झोपेतही सांगेल.

जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. १९०८ च्या गॅझेटियरमधला भंडारा जिल्हा भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीन तहसिलींचा होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. जुन्या नोंदीत 'भंडारा' असे दिसले म्हणून माणूस आजच्या भंडाऱ्याचा ठरत नाही. त्याचे गाव आज गोंदियात असू शकते. आम्ही 'भंडारा' हा शब्द पाहून हरखलो, त्या शब्दाचा नकाशा पाहिला नाही. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या निष्ठेने या भागातली बोली गोळा केली, त्या निष्ठेचा थोडा अंश या कामी लागला असता तर पहिल्याच दिवशी आम्ही दहा वेळा थबकलो असतो.

चौथी गोष्ट पत्रांची. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी सैन्य मार्सेल्स बंदरात उतरले. सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी फ्रान्समध्ये एक टपाल-तपासणी कार्यालय बसवले गेले. तेथले अधिकारी पत्रांचे इंग्रजी उतारे काढून अहवाल पाठवत. ते अहवाल ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतून एक निवड छापली. हिंदी शिपायांचा आवाज म्हणून आज जगभर जे उद्धृत होते ते प्रामुख्याने हेच. पण हा आवाज कसा तयार झाला ते पाहावे. बोलणारा बहुधा निरक्षर. लिहिणारा पलटणीतला कोणी साक्षर. दोघांनाही ठाऊक की साहेब वाचणार. त्यातून साहेबाने निवडलेला तुकडा, आणि तोही इंग्रजीत. मूळ पत्र बहुतेक वेळा हाती राहत नाही. गोऱ्या आणि काळ्या सैनिकांसाठी या पत्रांतून लाल मिरची आणि काळी मिरी असे संकेत योजलेले दिसतात. काव्यशास्त्राच्या तासाला आम्ही अभिधा, लक्षणा, व्यंजना फळ्यावर लिहितो आणि उदाहरणे देतो ती नेहमीची, गंगेवरच्या गवळीवाड्याची. जीव वाचवण्यासाठी व्यंजना वापरणाऱ्या माणसांची ही उदाहरणे त्याच तासाला का येऊ नयेत?

येथे दोन आक्षेप संभवतात. ते आमच्याच सहकाऱ्यांनी घेतले आहेत, म्हणून त्यांचा विचार करणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा : ही माणसे साम्राज्यासाठी लढली, आपल्या देशासाठी नव्हे. त्यांचे एवढे कौतुक कशाला? आमचे उत्तर असे की कौतुक करा असे आम्ही म्हणतच नाही. 'वीरमरण' हा शब्द आम्ही लिहून दिला होता आणि तो आम्हांलाच खोडावा लागला. पगारासाठी, दुष्काळामुळे, सावकारामुळे, गावातल्या पाणवठ्यावरच्या अपमानापासून दूर जाण्यासाठी, किंवा नुसत्या जग पाहण्याच्या ओढीने माणसे गेली असतील. त्यांना हुतात्मे करणे जितके खोटे, तितकेच त्यांना भाडोत्री म्हणून निकालात काढणेही खोटे. दोन्हींत माणूस शोधावा लागत नाही, ही त्या दोन शब्दांची सोय आहे. ती सोय नाकारणे हेच साहित्याच्या अभ्यासकाचे काम, असे आम्ही मानतो.

दुसरा आक्षेप असा : हे काम इतिहास विभागाचे, मराठी विभागाने यात का पडावे? यावर आमचे म्हणणे वर येऊन गेलेच आहे. ज्या चार ठिकाणी आम्ही अडलो त्यांपैकी क्रियापदाचा काळ, नावाचे उच्चार आणि भाषांतरित पत्राचा आवाज ही तीन ठिकाणे भाषेची होती. चौथे होते त्या धातूचे, आणि तेही चिन्हाचे वाचनच होते. शिवाय या सर्व सूच्या रोमन लिपीत आहेत. आजी सांगते मराठीत, यंत्र विचारते इंग्रजीत. मध्ये उभे राहायला कोणीतरी हवे. पंजाबकडे पाहा. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांतून सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती ग्रीनिच विद्यापीठ आणि ब्रिटनमधील पंजाबी वारसा संघटना यांनी मिळून आंतरजालावर आणायला घेतली आणि २०२१ मध्ये तिचा पहिला भाग खुला केला. गावागावांनुसार केलेल्या त्या नोंदींत परत आलेलेही आहेत. त्या कामामागे परदेशी गेलेल्या पंजाबी कुटुंबांची तळमळ होती. आमच्या जिल्ह्यातून गेलेल्या खेचरवाल्यांची पणतवंडे लंडनमध्ये संघटना काढण्याच्या स्थितीत नाहीत. ती आमच्या वर्गात बसली आहेत.

मराठीला अशा कामाची सवय नाही असेही नाही. गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांच्या प्रेरणेने गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक भरल्या आणि आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर गाणारीच्या नावागावासह वाचता-ऐकता येतात. तेथे ओवीला बाई सुटलेली नाही. सैनिकांच्या बाबतीत आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. नोंद राहिली, माणूस सुटला.

म्हणून आम्ही आमच्यापुरते काही नियम ठरवले आहेत. इतर महाविद्यालयांतील मित्रांनाही ते सुचवतो. आधी घर, मग पडदा. म्हणजे घरातील वृद्धांचे बोलणे शब्दशः, त्यांच्याच बोलीत, क्रियापदांसकट लिहून घ्यावे आणि मगच संकेतस्थळ उघडावे. पदक असेल तर ते घासू नये. कडेचे छायाचित्र तिरप्या उजेडात घ्यावे. नुसत्या नावावरून जुळणी मान्य करू नये. क्रमांक, पलटण, बापाचे नाव आणि गाव यांपैकी किमान तीन गोष्टी जुळल्या तरच 'बहुधा' हा शब्द वापरावा. आंतरजालावरची प्रत्येक जुळणी गावातल्या कागदाशी ताडून पाहावी : कोतवाल पुस्तक, शाळेचा दाखलखारीज, जमिनीचे फेरफार. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि पलटणीच्या अभिलेख कार्यालयात पत्र लिहावे. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी ते बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर. आणि जे सापडले नाही ते तसेच लिहावे. रिकामा रकाना सुंदर शब्दांनी भरू नये. आमच्या पेशाला हा शेवटचा नियम सर्वांत जड जातो.

कारण शब्द आमच्यापाशी तयार असतात. त्या दगडासाठी मजकूर मागितला गेला तेव्हा तो लिहायला दहा मिनिटेही लागली नव्हती. तो कागद आम्ही फाडलेला नाही. विभागातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवून ठेवला आहे.

त्या मुलीला हे सारे सांगणे सोपे गेले नाही. गावात बातमी पसरली होती. दगडाचा विसार दिला होता. पणजोबा मेले नव्हते ही बातमी शोकवार्तेसारखी सांगावी लागावी, यातले विचित्रपण आम्हांला तेव्हाही जाणवले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एवढेच विचारले, "म्हणजे सर, आजोबा झाले म्हणून आम्ही आहोत. ते परत आले नसते तर मी हे विचारायला आलेच नसते ना?" इतकी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. पणती समोर बसलेली असताना आम्ही पणजोबांना निपुत्रिक मारायला निघालो नव्हतो हे खरे, पण तिच्या आजोबांच्या जन्माचे साल एकदाही विचारले नव्हते.

तिने या शोधावर सहा पानांचा निबंध लिहिला. त्यात 'असावे', 'असू शकेल', 'सांगता येत नाही' हे शब्द फार आहेत म्हणून एका परीक्षकाने गुण कापले. आम्ही ते वाढवून मागितले नाहीत. दगड बसला नाही. सूचीत सापडलेल्या त्या दुसऱ्या माणसाचे नाव तिने निबंधाच्या शेवटी स्वतंत्र ओळीत, बापाच्या नावासह देवनागरीत लिहिले आणि त्याखाली लिहिले की याच्या घरचे शोधायचे आहेत. ते काम आता पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे आहे.

पदक घरी परत गेले. यंदाच्या दिवाळीत ते घासले गेले नाही, असे तिने कळवले आहे.